कुडची-उगारची बदकं बघायची ट्रिप : पैसे बदकांचे नाहीत, दुसऱ्याच्या रानात पाय ठेवायचे आहेत

माणशी चौदाशे रुपये, हे ऐकूनच आमच्या ग्रुपमधल्या दोघातिघांनी अंग काढून घेतलं. बदकं काय, कृष्णेच्या पुलाजवळ गाडी बाजूला लावली की फुकट दिसतात, त्याला पैसे कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी गेलो, आणि मला विचाराल तर पैसे वसूल आहेत, फक्त ते बदकांमुळे वसूल नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. घाई असेल तर सरळ शेवटचा खाण्याचा आणि बुकिंगचा भाग बघा.

सर्व्हिस अशी आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या कुडची, उगार, शेडबाळ ह्या पट्ट्यातला एक तरुण शेतकरी डिसेंबर ते फेब्रुवारी शनिवार-रविवार लोकांना शेतात साचलेल्या पाण्यावरची बदकं दाखवायला नेतो. बोर्ड नाही, वेबसाईट नाही, सगळं व्हॉट्सअपवर. त्याचं नाव-नंबर इथे टाकत नाही कारण त्यानेच हात जोडून सांगितलंय की ओळखीतून या, उगाच सगळीकडून फोन नकोत, तलाठ्यापासून पोलिसांपर्यंत सगळे विचारत बसतात. बेळगावातल्या पक्षीवाल्यांपैकी कुणालाही विचारा, मिळेल.

आता शेतात जानेवारीत पाणी कुठून आलं हे बाहेरच्यांना कळत नाही. पूर ओसरून तर चार-पाच महिने झालेले असतात. हे पुराचं पाणी नाही, ही चिबड जमीन. काळी भारी माती, पाण्याला बाहेर जायला वाट नाही, नदीवरून लिफ्टने पाणी आणून वर्षानुवर्षं उसाला पाजलं, मग खालचं खार वर आलं आणि सखल भागातली रानं कायमची ओली झाली. तिथे आता पाणकणीस आणि लव्हाळा उगवतो, कडेला मिठासारखा पांढरा थर दिसतो, आणि मधे गुडघाभर पाणी. बदकांना नेमकं हेच लागतं, उथळ पाणी, डोकं खाली घालून बी-गवत-किडे खाता येतील असं. आपण गाडीतून बघतो आणि म्हणतो काय मस्त तळं आहे. ज्याचं रान आहे तो पाणकणसाकडे बोट दाखवून म्हणाला, "बदकं उतरली म्हंजे ऊस गेला बगा. माझ्या बाच्या टायमाला ह्याच वावरात उसात माणूस दिसत न्हवता." ह्यावर मला काहीच बोलता आलं नाही. निचऱ्यासाठी जमिनीत भोकाचे पाईप घालतात, त्याने जमीन सुधारते, पण खर्च मोठा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून केलं तरच पाणी पुढे जायला वाट मिळते, एकट्याचं काम नाही. तोपर्यंत ते रान नुसतं पडून.

आणि ह्या चौदाशेतले चारशे त्या रानवाल्याला जातात. त्या दिवशी आम्ही सहाजण होतो, म्हणजे चोवीसशे रुपये, तेही आमच्यासमोर रोख हातात दिले, नंतर देतो वगैरे नाही. ह्या रानातून सध्या एवढंच उत्पन्न आहे असं तो म्हणाला. मला ह्या ट्रिपमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

कारण दुसरीकडचा अनुभव पण सांगतो. मागे एका ग्रुपबरोबर (नाव नको) ह्याच भागात आलो होतो, त्यांनी गाड्या सरळ बांधावरून आत घातल्या, कुणाला विचारलं नाही, ट्रायपॉड मांडले, आणि अर्ध्या तासात लांबून एक आजोबा काठी घेऊन आले, "कोन हाय रं? विचारून आलायसा का?" मग आमच्यातला एक साहेब त्यांनाच ऐकवायला लागला की पाणी सरकारचं असतं, पक्षी सरकारचे असतात, तुम्ही कोण अडवणारे. मला तिथे जमिनीत जावंसं वाटलं. आजोबा काही कायदा शिकलेले नव्हते पण बरोबर तेच होते.

हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, पाणी दिसलं की सरकारचं. नदीचं पात्र सरकारचं, बरोबर. धरणात बुडालेली जमीन सरकारने भूसंपादन करून पैसे देऊन घेतलेली असते, तेही बरोबर. पण खाजगी रानात पाणी साचलं म्हणून रान सरकारजमा होत नाही, उताऱ्यावर नाव त्याचंच राहतं, मग पाणी घोटाभर असू दे नाहीतर पुरुषभर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये चिकोडी, अथणी, कागवाड, रायबाग ह्या सगळ्या तालुक्यांत कृष्णाकाठची गावंच्या गावं पाण्यात होती, बांध कुठला नि वाट कुठली काही दिसत नव्हतं, लोक गुळाच्या काहिलीत बसून जनावरांना वैरण पोचवत होते, म्हणून काय त्या शेतांचे मालक बदलले?

बेळगाव कोर्टात वकिली करणाऱ्या एका मित्राला मी मुद्दाम विचारलं की समजा शेतकऱ्याने तक्रार केली तर काय होतं. तो म्हणाला पूर्वी आयपीसीचं ४४७ कलम, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत बेकायदा घुसण्याचं, लागायचं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ३२९ मध्ये गेलंय, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही (जुन्या कायद्यात दंड फक्त पाचशे रुपये होता, एवढं तरी वाढवलं). पण नुसतं पाय ठेवला म्हणून फौजदारी गुन्हा होत नाही, आत जाण्यामागे काही गुन्हा करायचा किंवा ताबेदाराला धमकवायचा, अपमान करायचा, त्रास द्यायचा हेतू लागतो. तसा हेतू नसेल तर मामला दिवाणी, नुकसानभरपाई, मनाई हुकूम वगैरे. मात्र आधी परवानगीने आत गेलात आणि मग त्याने बाहेर जा म्हटल्यावर मुद्दाम छळायला तिथेच ठाण मांडून बसलात तर तेही ह्याच कलमात येतं. म्हणजे आमचे ते साहेब वाद घालत उभे राहिले तो भागच सगळ्यात धोक्याचा होता. बांध मोडला, पीक तुडवलं तर त्याचं वेगळं.

अजून एक गोष्ट, जी मला माहीत नव्हती. कायद्यात शब्द मालकी असा नाही, ताबा असा आहे. आपल्याकडे रान एकाच्या नावावर, करतो दुसराच वाटेकरी, मालक पुण्या-मुंबईला. मालकाने फोनवर "जावा की" म्हटलं आणि इथे वाटेकऱ्याला पत्ता नाही, तर भांडण होणारच. हा गाईड दोघांनाही सांगून ठेवतो. आणि त्याच्या फोनवर दिशांक ॲप आहे, कर्नाटक सरकारचं, आपण उभे आहोत तिथला सर्व्हे नंबर नकाशावर दाखवतं, मग भूमी ह्या सरकारी जमीन-नोंदींच्या साईटवर उतारा काढून नाव बघता येतं. पाण्याखाली बांध दिसत नसला तरी आपण कुणाच्या रानात आहोत हे कळतं. जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतो हे तोच सांगतो, म्हणून हद्दीच्या जवळ तो जातच नाही, शेजारच्या नंबरवाल्याने परवानगी दिलेली नाही तर तिकडे बदकांचा केवढाही थवा असो, लांबूनच दुर्बीण. आमच्यातल्या एकाला ते पटलं नाही, वीस पावलांवर तर आहेत म्हणून कुरकुरत होता. मला पटलं. ड्रोन आणला होता एकाने, तोही बॅगेतच ठेवायला लावला.

बोर्ड नव्हता, कुंपण नव्हतं, हे कारण पण चालत नाही हं. इथे कुठल्या शेताला बोर्ड असतो?

आता शिकारीचं. आम्ही लपणात, म्हणजे पक्ष्यांना दिसू नये म्हणून बांधलेल्या आडोशात, बसलेलो असताना एक पांढरी गाडी वरच्या रस्त्याला थांबली, तिघेजण उतरले, एकाच्या हातात छऱ्याची बंदूक. रानवाला आमच्याबरोबरच होता, तो उठून गेला. बोलणं अर्धं कन्नडमध्ये अर्धं मराठीत चाललं होतं, ऐकू आलं ते एवढं, "अण्णा, एकच मारतो, दोनशे रुपये घ्या." हा म्हणाला, "रान माझं हाय, पाखरू माझं न्हाई." आणि गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढला. गेले लगेच.

कायद्याने तो शंभर टक्के बरोबर होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, तेव्हा लायसन काढून काही पक्षी-प्राण्यांची शिकार करता यायची, १९९१ च्या दुरुस्तीने ती लायसनची भानगडच बंद केली. आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक अजून संस्थानी काळातल्या शिकारीच्या गोष्टी सांगतात ते सगळं त्याआधीचं. आता कलम ९ खाली सरसकट बंदी, आणि शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही, जाळं लावणं, फास लावणं, आमिष टाकणं, हाकून नेणं, अंडी-घरटं मोडणं, आणि नुसता प्रयत्न केला तरी शिकारच. २०२२ च्या दुरुस्तीने (लागू १ एप्रिल २०२३) साधा दंड पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत गेला, कैद तीन वर्षांपर्यंत, आणि पहिल्या परिशिष्टातला पक्षी असेल तर किमान तीन वर्षं. जमीनमालकाने परवानगी दिली तरी काही उपयोग नाही, स्वतः मालकाने स्वतःच्या रानात मारलं तरी गुन्हाच. छऱ्याच्या कमी ताकदीच्या .१७७ बंदुकीला लायसन लागत नाही म्हणून लोक निवांत असतात, पण बंदुकीचा कायदा वेगळा आणि पाखराचा वेगळा, हे कोण सांगणार.

आमच्या बॅचमध्ये निपाणीकडचे एक काका होते, त्यांचा मुलगा अमेरिकेत अर्कान्सासला आहे, ते हे सगळं बघून हसत होते. तिकडे म्हणे भाताची कापणी झाली की शेतकरी मुद्दाम शेतात पाणी सोडतात, बदकं उतरतात, आणि मग शिकाऱ्यांना सीझनभर शेत भाड्याने देतात, चांगले पैसे मिळतात त्याचे. सोळा किंवा त्याहून जास्त वर्षांच्या शिकाऱ्याला राज्याचं लायसन तर लागतंच, शिवाय पंचवीस डॉलरचं बदकाचं तिकीट (डक स्टॅम्प) घ्यावं लागतं, १९३४ पासूनची पद्धत, ते पैसे पाणथळ जागा राखायला जातात. पण विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या शेतात शिरायचं नाही हे तिकडेही तसंच. काही राज्यांत झाडाला जांभळ्या रंगाचा पट्टा मारला की तो बोर्डासारखाच धरतात, आत यायचं नाही. आणि लुइझियानात तर खाजगी जमिनीवर पाणी चढलेलं असलं तरी मालक अडवू शकतो, त्यावरून बोटवाल्यांची आणि जमीनवाल्यांची वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. मला गंमत वाटली, उगारच्या आजोबांची नि तिकडच्या मालकाची तक्रार एकच निघाली. फरक एवढाच की तिकडे शिकार कायदेशीर आहे म्हणून जमीनवाल्याला भाडं मिळतं, इथे शिकार बंद, तर त्याला द्यायला दुर्बीणवालेच उरले. म्हणून ते चारशे मला महत्त्वाचे वाटतात.

बरं, प्रत्यक्ष ट्रिप. पहाटे सहाच्या आत कुडचीत पोचायला सांगतात, बेळगावहून स्वतःची गाडी असेल तर बरं, मिरज लाईनची रेल्वे आहे पण पहाटेचा टाईम जुळत नाही, आदल्या रात्री येऊन राहावं लागेल. तिथून पूल ओलांडून उगार बाजूला, मग गाडी रस्त्यालाच ठेवून चालत. गमबूट तो देतो पण साईज बघून घ्या, मला नऊ नंबर पाहिजे होता, आठ मिळाला, दुपारपर्यंत अंगठा बधिर. लपण म्हणजे बांबूच्या चौकटीवर उसाचं पाचट बांधलेलं, आत चटई, चौघं आरामात बसतात, सहाजण बसलो की कोपर कोपराला लागतं. थंडी चांगलीच असते पाण्याजवळ, स्वेटर पाहिजेच. आत गेल्यावर पाऊण तास बोलायचं नाही, मोबाईल सायलेंट. नियम कडक आहेत आणि मला आवडले, विशेषतः एक, उडतानाच्या फोटोसाठी टाळ्या वाजवून थवा उठवायचा नाही. ज्याला तसला फोटो पाहिजे त्याने येऊ नये असं तो बुकिंगलाच सांगतो.

दिसलं काय? उजाडताना थापट्यांचा मोठा थवा, ती फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत होती. तलवार बदकं, लांब शेपटीची, नर फार देखणा. भुवई बदक, चक्रांग, आपली कायमची राहणारी हळदी-कुंकू आणि अडई, वारकरी तर ढिगाने, शेकाटे, चित्रबलाक, आणि लांब नदीकडे चक्रवाकाची एक जोडी. नकटा दिसेल असं सांगितलं होतं, दिसला नाही, त्याबद्दल तक्रार नाही, पाखरं काय टाईमटेबलवर येतात का. गाईडला मराठी आणि कन्नड दोन्ही नावं येतात, पक्षी ओळखायला चांगला आहे, पण लांबचे लहान चिखले पक्षी असले की "तुतारीच असंल" म्हणून उरकतो. जाणकार माणूस असाल तर तिथे थोडी निराशा होईल. दुर्बिणी दोनच आहेत त्याच्याकडे, त्यातल्या एकीचा फोकस ढिला, स्वतःची घेऊन जा. स्पॉटिंग स्कोप नाहीच, चौदाशे घेतोय तर एक जुना का होईना घ्यायला हवा.

पावती देत नाही, हा पण माझा एक मुद्दा. मी विचारलं तर म्हणाला कशाला पावणं, मी म्हटलं अरे तूच परवानगी, उतारा, सर्व्हे नंबर एवढं सगळं करतोस तर एक साधा कागद रानवाल्याशी पण करून ठेव, उद्या त्याच्या भावांत वाटणी झाली की कोण म्हणेल आम्ही हो म्हटलंच नव्हतं. बघतो म्हणाला. करेल का नाही माहीत नाही, पण करायला पाहिजे.

दहाच्या सुमारास रानवाल्याच्या वस्तीवर नाष्टा. त्याच्या घरच्यांनी "बर्री, चहा कुडीरी" म्हणत आधी चहा हातात दिला, मग उप्पीट, मग आम्ही पोट भरलं म्हणत असताना ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, भरलं वांगं आणि दही. ह्याचे पैसे वेगळे नाहीत. वांगं एवढं चांगलं होतं की मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. बाथरूमची सोय वस्तीवरच आहे, पहाटे सहा ते दहा काही नाही, बायकांनी हे आधी लक्षात ठेवून या, ह्या बाबतीत त्याने काहीतरी करायला हवं, आमच्यातल्या एका ताईंना फार त्रास झाला आणि त्या परत येणार नाहीत म्हणाल्या.

लोक विचारतात हिडकल धरणावर किंवा धुपदाळला का जाऊ नये, तिथे फुकट आहे. जावा की. पण तिथलं गणित वेगळं आहे. धुपदाळ बंधाऱ्याचा भाग घटप्रभा पक्षी अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याचे नियम, आत शिरायला त्यांची परवानगी, करकोचे बघायला ती जागा भारी आहे. हिडकलच्या बॅकवॉटरला जमीन संपादन झालेली, मालक शेतकरी नाही, पण पाणी उतरलं की लोक गाळपेर करतात, हरभरा, गहू घालतात, ते पीक कुणाचं तरी असतं. तिथे कडेच्या ओल्या जागेतून चालताना खाली बघून चाला, गाडी तर घालूच नका. मी तिथे हरभऱ्यातून टायरचे पट्टे गेलेले बघितलेत.

बुकिंग किमान आठवडाभर आधी करा, निम्मे पैसे आधी, रद्द केलं तर परत मिळत नाहीत पण तारीख बदलून देतो. सहापेक्षा जास्त लोक घेत नाही. लहान मुलं दहा वर्षांच्या वरची असतील तरच, पोरांना शांत बसवत नाही. डिसेंबरचा शेवट ते जानेवारीचा शेवट हा सगळ्यात चांगला काळ, फेब्रुवारी अर्धा झाला की पाणी कमी होत जातं, बदकं परतीला लागतात, आणि त्यावेळी तो स्वतःच सांगतो की आता येऊ नका, पैसे वाया जातील. संकेश्वर-चिकोडीवरून येणार असाल तर ऊसतोडीचा सीझन असतो हे धरा, ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, पहाटे अंधारात गाडी हळू चालवा.